गल्ल्याशेजारचा क्यूआर कोड: ऑनलाइन पेमेंट ग्राहकाच्या सोयीचे कसे करावे

अमळनेरजवळच्या आमच्या किराणा दुकानात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक आजी येतात, महिन्याचा बाजार भरतात आणि पैसे न देता पिशवी उचलून घरी जातात. त्यांचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. आम्ही त्याला बिलाचा फोटो आणि दुकानाचा यूपीआय आयडी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि पाळी सुटली की तो पैसे पाठवतो. पूर्वी हाच मुलगा गावाकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पैसे देत असे. ते पोहोचेपर्यंत आजींचे नाव उधारीच्या वहीत राही आणि वहीत नाव असले की त्या साखर अर्धा किलो कमी घेत. ही शेवटची गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चहाच्या टपरीपासून सराफाच्या पेढीपर्यंत सर्वत्र क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. तो चिकटवणे अगदी सोपे आहे. मात्र त्यामुळे ग्राहकाचा खोळंबा कमी झाला की वाढला, हे आपण पुढे काय करतो यावर ठरते. ग्राहकाकडे पाहून ही व्यवस्था कशी लावावी, हे मी स्वतःच्या आणि आसपासच्या दुकानदारांच्या अनुभवावरून येथे सांगत आहे.

खाते कोणते आणि कोणाचे

पहिला निर्णय खात्याचा. आपल्याकडे अनेक लहान व्यावसायिकांची शिल्लक पतसंस्थेत असते, कारण पिग्मीवाला रोज दुकानात येऊन पैसे नेतो. पतसंस्था ही बँक नव्हे आणि यूपीआय बँक खात्याशीच जोडले जाते. त्यामुळे धंद्यासाठी बँकेत स्वतंत्र खाते असणे आवश्यक आहे. घरखर्चाचे आणि दुकानाचे पैसे एकाच खात्यात येऊ लागले की कोणत्या ग्राहकाचे काय आले, हे शोधण्यात संध्याकाळ जाते आणि त्याचा त्रास शेवटी ग्राहकालाच होतो.

बिबडे, पापड, कुरडया विकणाऱ्या बचत गटातील भगिनींनी आणि आठवडे बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायांनी एक गोष्ट बँकेत जाऊन अवश्य विचारावी. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेले खाते हे ‘लहान खाते’ असते. अशा खात्यात वर्षभरात एकूण १ लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाहीत आणि शिल्लकही ५० हजारांच्या पुढे जाऊ शकत नाही. दिवसाला पाचशे रुपये ऑनलाइन आले तरी सात महिन्यांत ती मर्यादा संपते, मग पैसे येणे थांबते आणि बाईंना वाटते की ग्राहकच खोटे बोलतो आहे. पूर्ण केवायसी करून घेतली की हा प्रश्न मिटतो. टोपली बाईंची आणि क्यूआर मुलाच्या खात्याचा, असे मी पुष्कळदा पाहतो. भाजी विकून झाल्यावर स्वतःच्याच पैशासाठी मुलाला फोन करावा लागणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खाते विकणाऱ्या बाईंच्याच नावाचे असावे.

दुसरा निर्णय क्यूआर वैयक्तिक घ्यायचा की व्यापारी, हा. वैयक्तिक क्यूआर कोणत्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये तयारच असतो आणि सुरुवातीला तो पुरेसा वाटतो. परंतु रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेला ग्राहक त्या कार्डातून वैयक्तिक क्यूआरवर पैसे देऊ शकत नाही. त्यासाठी व्यापारी क्यूआरच लागतो. शिवाय व्यापारी खात्यात परतावा देण्याची सोय, दिवसभराच्या व्यवहारांची यादी आणि कामावरच्या मुलाला फक्त ‘पैसे आले की नाही’ एवढेच पाहू देणारी वेगळी प्रवेशसुविधा बहुतेक कंपन्या देतात. मालक जेवायला घरी गेला म्हणून ग्राहकाला ताटकळत ठेवावे लागत असेल, तर ही शेवटची सोय एकटीच व्यापारी क्यूआर घेण्यास पुरेशी आहे.

ठेवायचा कुठे

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. त्या उन्हात काचेवर चिकटवलेला कागद महिन्याभरात फिका पडतो आणि प्लास्टिकच्या चकाकीमुळे ग्राहकाचा कॅमेरा कोड वाचत नाही. कोड सावलीत आणि ग्राहकाच्या छातीच्या उंचीवर ठेवावा. लोकांना वजनकाट्यावर वाकून स्कॅन करावे लागू नये. भुसावळ स्थानकाबाहेरच्या चहावाल्यासमोर गाडी पकडणारे चार प्रवासी एकदम उभे असतात. तेथे दोन बाजूंना दोन कोड लावले तर रांग निम्म्यावर येते. आता कोणत्याही कंपनीचा यूपीआय क्यूआर कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने वाचता येतो, त्यामुळे चार कंपन्यांचे चार स्टिकर लावून ग्राहकाला गोंधळात टाकण्याचे कारण उरलेले नाही.

कोडच्या खाली मोठ्या अक्षरांत स्कॅन केल्यावर कोणाचे नाव दिसेल, ते लिहावे. पाटीवर दुकानाचे नाव एक आणि मोबाईलवर मालकाचे नाव दुसरे दिसले की सावध ग्राहक थबकतो, आणि त्याचे थबकणे रास्तच आहे. रात्रीतून कोणी आपल्या कोडवर स्वतःचा स्टिकर चिकटवून जाण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर आपल्याच मोबाईलने कोड स्कॅन करून नाव तपासण्याची सवय ठेवावी.

‘पैसा उनात का, भाऊ?’

‘पैसे आले का, भाऊ?’ असा अहिराणीतला हा प्रश्न आमच्याकडे दिवसातून शंभर वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर तत्काळ व नक्की देता येणे हाच ग्राहकसेवेचा गाभा आहे. ग्राहकाच्या मोबाईलवरील हिरवी खूण किंवा तिचा स्क्रीनशॉट पैसे आल्याचा पुरावा ठरत नाही, कारण खरी वाटणारी खूण आणि तसाच आवाज दाखवणारी बनावट अ‍ॅप्स अस्तित्वात आहेत. पुरावा आपल्या बाजूचाच हवा: बँकेचा संदेश, व्यापारी अ‍ॅपमधील नोंद किंवा आलेली रक्कम बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सची घोषणा.

साउंडबॉक्सविषयी माझे मत अनुकूल आहे. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते, रक्कम मराठीत ऐकू येते आणि हात पिठात किंवा तेलात असतानाही खात्री होते. शेवभाजीच्या ढाब्यावर तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला मोबाईल उघडून पाहणे शक्यच नसते. मात्र त्याचे मासिक भाडे खात्यातून परस्पर वजा होते; ते किती आणि बंद कसे करायचे, हे घेण्यापूर्वीच विचारावे. भारनियमनाचा विचार करून तो रात्री चार्ज करून ठेवावा. एक सौजन्य मात्र पाळावे. एखाद्या ग्राहकाने आपण किती खर्च केला हे चारचौघांत ऐकू येऊ नये अशी इच्छा दाखवली, तर आवाज कमी करावा. औषधाच्या दुकानात तर मुळातच आवाज हळू ठेवलेला बरा.

घोषणा झाली नाही तर ग्राहकाला ‘पैसे आले नाहीत’ असे फटकन म्हणू नये. ‘आप्पा, एक मिनिट थांबा, पाहून सांगतो’ म्हणावे, अ‍ॅपमधील यादी पाहावी आणि मग बोलावे. दहापैकी नऊ वेळा नेटवर्क मंद असते. समोरचा माणूस वर्षानुवर्षांचा ग्राहक असतो आणि संशयाचा एक शब्द त्याला कायमचा शेजारच्या दुकानात पाठवतो.

पैसे अडकतात तेव्हा

सर्वांत जास्त वाद येथे होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवी; त्यानंतर दर दिवसाच्या उशिराबद्दल बँकेने ग्राहकाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. ही माहिती दुकानदाराने ग्राहकाला शांतपणे सांगितली की त्याचा निम्मा राग उतरतो, कारण आपले पैसे बुडाले नाहीत हे त्याला कळते.

प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. ग्राहकाच्या अ‍ॅपमध्ये तो ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय व्यवहार क्रमांक’ अशा नावाने दिसतो. असा प्रसंग आला की तो क्रमांक, रक्कम, वेळ आणि ग्राहकाचा मोबाईल क्रमांक वहीत लिहून घ्यावा. माल द्यायचा की थांबायचे, हे ओळखीवर ठरवावे. मी ओळखीच्या ग्राहकाला माल देतो आणि ‘दोनदा देऊ नका, आधी आपण तपासू’ असे सांगतो. घाईत दुसऱ्यांदा पैसे पाठवले गेले आणि नंतर पहिलेही जमा झाले, तर जास्तीची रक्कम त्याच दिवशी परत करावी. ती व्यापारी अ‍ॅपमधील त्याच व्यवहारावरील परताव्याच्या बटणाने करावी, म्हणजे पैसे जेथून आले तेथेच जातात. अनोळखी माणूस फोनवर ‘चुकून जास्त गेले, या नंबरवर परत टाका’ म्हणत असेल, तर आधी आपल्या खात्यात खरोखर काही आले आहे का, ते पाहावे. संदेश बनावट असू शकतो.

बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. आमच्या गल्ल्यामागे हा क्रमांक लिहून ठेवला आहे.

ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-यावलकडे होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा हजारो माणसे एका जागी येतात आणि नेटवर्क बसते. धडगाव, अक्कलकुवा परिसरात तर ते एरवीही भरवशाचे नसते. अशा ठिकाणी ‘फक्त ऑनलाइन’ अशी पाटी लावणे म्हणजे ग्राहकाला परत पाठवणे होय. रोख सुटे पैसे गल्ल्यात असायलाच हवेत. ज्या दुकानात क्यूआर आल्यापासून दहा-वीसच्या नोटा ठेवणेच बंद झाले, तेथे म्हाताऱ्या माणसांना सुट्ट्यांऐवजी चॉकलेट घ्यावे लागते, आणि हे मला पटत नाही.

साध्या फोनवरूनही यूपीआय चालते. ‘यूपीआय १२३पे’ ही सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. त्यात ठरलेल्या क्रमांकावर फोन लावून, सूचना ऐकून पैसे पाठवता येतात. मजुरी खात्यात जमा होणाऱ्या आणि साधा फोन वापरणाऱ्या केळीच्या बागेतील मजुराला ही पद्धत एकदा शांतपणे शिकवली, तर बँकेत रांग लावण्यात जाणारा त्याचा अर्धा दिवस वाचतो. शिकवताना त्याचा पिन आपण पाहू नये आणि त्याने सांगितला तरी ऐकू नये.

स्मार्टफोन असलेल्या ग्राहकाला मात्र ‘यूपीआय लाइट’ सुचवावे. त्यात ५००० रुपयांपर्यंत रक्कम आधीच बाजूला ठेवता येते आणि १००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. इंटरनेट लागतेच, पण दर व्यवहाराला बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जावे लागत नसल्यामुळे बँकेचा सर्व्हर मंद असतानाही चहा-नाश्त्याचे पैसे सहसा अडत नाहीत.

उधारी, आगाऊ रक्कम आणि परगावचा ग्राहक

खान्देशातील किराणा उधारीवर चालतो आणि शेतकरी ग्राहकाचे पैसे केळी, कापूस किंवा मिरची विकल्यावर येतात. ऑनलाइन पेमेंटने ही उधारी नाहीशी होणार नाही आणि व्हावी असा हट्टही नसावा. फरक एवढाच की आता पाच हजारांची उधारी हप्त्याहप्त्याने फिटते, कारण हातात तीनशे रुपये आले की ग्राहक घरबसल्या तेवढे पाठवतो. प्रत्येक हप्ता आला की ‘३०० मिळाले, बाकी ४७००’ असा संदेश त्याच दिवशी पाठवावा. वहीतल्या आकड्यावर भांडण होण्याची वेळच त्यामुळे येत नाही. वसुलीचा संदेश मात्र एकट्याला पाठवावा, गावाच्या ग्रुपवर कधीही नाही.

हिवाळ्यात भरीत पार्ट्यांचा हंगाम असतो आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला), कानबाईच्या रोटांच्या सणाला परगावचे भाऊबंद गावी येतात. या काळात खापरावरचे मांडे किंवा पन्नास माणसांचे भरीत-पुरी करून देणाऱ्या बायांना आगाऊ रक्कम घेणे आवश्यक असते, कारण माल भरल्यावर ऑर्डर रद्द झाली तर तोटा त्यांचाच. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेताना एकूण किती, आगाऊ किती आणि रद्द केल्यास किती परत मिळेल, हे तीन आकडे आधी लिहून पाठवावेत. क्यूआरचा फोटो पाठवून मोठी रक्कम मागवू नये. गॅलरीतील फोटोवरून स्कॅन केल्यास २००० रुपयांच्या वरची रक्कम अनेकदा अडते. यूपीआय आयडी किंवा व्यापारी अ‍ॅपमधील पेमेंट लिंक पाठवावी. ग्राहकाने नुकताच फोन बदलून यूपीआय नव्याने सुरू केले असेल, तर पहिले २४ तास त्याला ५००० रुपयांचीच मर्यादा असते, हेही सांगावे, म्हणजे तो वारंवार प्रयत्न करून कंटाळत नाही.

मोठ्या रकमेचा व्यवहार वेगळा. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ती सहज ओलांडली जाते आणि २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे. अशा वेळी बँकेची एनईएफटी किंवा आरटीजीएस ही पैसे पाठवण्याची सेवा वापरावी. दोन्ही सेवा आता सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालतात.

खाते गोठू नये म्हणून

एखादा अनोळखी माणूस येतो, ‘जिभाऊ, पाच हजार ऑनलाइन टाकतो, रोख द्या, शंभर तुम्हाला’ म्हणतो. हे कधीही करू नये. फसवणुकीचा पैसा रोख करून घेण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे. मूळ तक्रारदाराने तक्रार केली की तपास यंत्रणा पैशाचा माग काढत आपल्या खात्यापर्यंत पोहोचतात आणि ती रक्कम, कधी पूर्ण खातेच, गोठवले जाते. परराज्यातील पोलिसांशी पत्रव्यवहार करण्यात आठवडे जातात आणि तोवर आपल्या नेहमीच्या ग्राहकांना क्यूआर बंद असल्याचे सांगावे लागते. प्रामाणिक विक्रीतूनही असे पैसे येऊ शकतात, म्हणून मोठ्या विक्रीचे बिल फाडावे, त्यावर व्यवहार क्रमांक लिहावा आणि सर्व शिल्लक एकाच खात्यात ठेवू नये.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे दुकानातील प्रत्येकाला पाठ असावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच, शक्य तर पहिल्या तासातच, फोन करावा.

शुल्क आणि कर, थोडक्यात

बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. म्हणून ‘ऑनलाइन असेल तर दोन रुपये जास्त’ असे ग्राहकाला म्हणू नये. रूपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर पैसे आले, तर लहान दुकानदाराला २००० रुपयांपर्यंत शुल्क नसते, पुढे असते.

कराच्या भीतीने क्यूआर काढून टाकण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमांवरून लहान व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूतील काहींनी तसे केलेही. मालाची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत, तर सेवा देणाऱ्यास २० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि केवळ ताज्या भाजीसारखा करमुक्त माल विकणाऱ्यास तिची गरजच नसते. उलाढाल रोखीची असो वा ऑनलाइन, मोजली दोन्ही जाते. उलट आयकराच्या अनुमानित नफ्याच्या पद्धतीत रोख विक्रीवर किमान ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरता येतो. हातगाडीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेत १५, २५ आणि ५० हजारांची कर्जे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि ऑनलाइन व्यवहारांवर कॅशबॅकही आहे. नगरपालिकेत चौकशी करावी.

संध्याकाळचा हिशेब

दुकान बंद करण्यापूर्वी गल्ल्यातील रोकड, व्यापारी अ‍ॅपमधील दिवसाची एकूण रक्कम आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहावेत. काही कंपन्या पैसे लगेच जमा करतात, काही दुसऱ्या दिवशी, त्यामुळे शेवटचे दोन आकडे रोज जुळतीलच असे नाही. पण कोणत्या दिवसाचा फरक कधी भरून निघाला, हे दिसले पाहिजे. आमच्या वहीचे शेवटचे पान अडकलेल्या व्यवहारांसाठी राखलेले आहे. रक्कम परत गेली की आम्हीच ग्राहकाला फोन करून सांगतो आणि मगच ती ओळ खोडतो. परवा पारोळ्याच्या एका ग्राहकाचे ८५ रुपये चौथ्या दिवशी परत गेले. त्यांना फोन केला, तेव्हा ते स्वतः विसरून गेले होते.